जे घडलं ते टळलं असतं का? या एका प्रश्नानं लायबनिझला आयुष्यभर सोडलं नाही

अपघाताची बातमी आलेल्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. बाहेर बसलेलं एखादं म्हातारं माणूस म्हणतं, त्याची वेळच भरली होती. आणि आतून कुणीतरी रडत म्हणतं, पाच मिनिटं उशिरा निघाला असता तर वाचला असता.

दोन्ही वाक्यांना सगळे मान डोलावतात. पण जरा थांबून बघा. पहिलं वाक्य खरं असेल तर दुसऱ्याला काही अर्थच उरत नाही. जे व्हायचं ते होणारच होतं, तर मग 'असता तर' कुठून आलं?

शाळेत या दुसऱ्या वाक्याला संकेतार्थ म्हणून शिकवतात. पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. परीक्षेत दोन मार्क मिळतात, विषय संपतो. पण असं वाक्य खरं कशामुळे ठरतं, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं. घडलेल्या गोष्टीचा पंचनामा करता येतो. न घडलेल्या गोष्टीचा कुठे जाऊन करणार?

साडेतीनशे वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाला याच प्रश्नानं पछाडलं होतं. नाव गॉटफ्रीड विल्हेल्म लायबनिझ. कॅल्क्युलसच्या निमित्तानं हे नाव बारावीत कानावर पडतं आणि न्यूटनशी ज्याचं भांडण झालं तो दुसरा माणूस एवढीच त्याची ओळख बहुतेकांच्या डोक्यात राहते. पण आज तर्कशास्त्रात आणि भाषेच्या अर्थशास्त्रात, म्हणजे शब्दांचा अर्थ कसा लागतो त्या शास्त्रात, 'शक्य' हा शब्द समजावून सांगायला जी कल्पना सगळ्यात जास्त वापरली जाते, ती याच गड्याची आहे.

1 जुलै 1646 ला तो लाइपझिगमध्ये जन्मला. वडील विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक. पोरगा सहा वर्षांचा असताना ते गेले आणि मागे राहिली त्यांची पुस्तकं. लिव्हीनं लिहिलेला रोमचा इतिहास त्याच्या हाती लागला. चित्रं होती, पण मजकूर लॅटिन. चित्र बघायचं, खालचे शब्द जुळवायचे, असं करत करत पोरगं फारशी कुणाची मदत न घेता लॅटिन वाचायला लागलं. या लिव्हीच्या पुस्तकात सेक्स्टस नावाच्या एका नालायक राजपुत्राची गोष्ट आहे. ती ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौदाव्या वर्षी विद्यापीठात दाखल आणि विसाव्या वर्षी कायद्याचा डॉक्टर व्हायला तयार. पण लाइपझिगनं त्याला रांगेत मागे ढकललं. वयानं मोठे आधी, तू नंतर. गडी वैतागला, गाव सोडलं, न्यूर्नबर्गजवळच्या आल्टडॉर्फला गेला आणि 1667 मध्ये तिथून डॉक्टर झाला. तिथल्या विद्यापीठानं लगेच प्राध्यापकीही देऊ केली. त्यानं ती नाकारली. त्याला एका वर्गात खडू घेऊन बसायचं नव्हतं.

मग तो माइंत्सच्या राज्यकर्त्याकडे नोकरीला लागला आणि 1672 मध्ये एक अचाट कामगिरी घेऊन पॅरिसला पोचला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं जर्मन आणि डच मुलखाचा नाद सोडावा आणि इजिप्तवर स्वारी करावी, हे लुईला पटवायचं. अर्थातच कुणी ऐकून घेतलं नाही. पण पॅरिसमधली चार वर्षं फुकट गेली नाहीत. ख्रिस्तियान हायगन्ससारखा गुरू भेटला, गुणाकार-भागाकार करणारं यंत्र तयार होत आलं, ते लंडनच्या रॉयल सोसायटीत दाखवून झालं आणि 1675 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅल्क्युलस आकाराला आलं. इंटिग्रेशनचं ते लांबट चिन्ह तेव्हाचंच.

पॅरिसमध्ये पक्की नोकरी काही मिळाली नाही. पोट भरायला हॅनोव्हरच्या ड्यूकची ग्रंथपाल आणि सल्लागार म्हणून चाकरी घ्यावी लागली. ऑक्टोबर 1676 मध्ये तो निघाला, पण सरळ गेला नाही. आधी लंडन, मग हॉलंड. आणि नोव्हेंबरमध्ये हेग शहरात त्यानं एका माणसाचं दार वाजवलं.

तो माणूस म्हणजे बारूख स्पिनोझा.

स्पिनोझा भिंगं घासून पोट भरायचा. ज्यू समाजानं त्याला तरुणपणीच बाहेर काढलं होतं. त्याचं सगळ्यात मोठं पुस्तक लिहून तयार होतं, पण छापायची सोय नव्हती. त्यात त्यानं मांडलं होतं की जगात जे काही होतं ते अटळ असतं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी होते, त्यात त्रिकोणाची मर्जी विचारायचा प्रश्न येत नाही. तसंच सगळं जग देवातून किंवा निसर्गातून निघतं. वेगळं काही होऊच शकलं नसतं. आपल्याला वाटतं की होऊ शकलं असतं, कारण आपल्याला सगळी कारणं माहीत नसतात.

या भेटीत लायबनिझनं एक कागद लिहून स्पिनोझाला दाखवला. विषय वरवर देवाचा, पण खरा मुद्दा 'शक्य' या शब्दाचा. देव आहे याचा एक जुना पुरावा होता: देव म्हणजे सर्वांत परिपूर्ण, आणि जे परिपूर्ण त्यात अस्तित्वही आलंच, म्हणून देव आहे. लायबनिझ म्हणाला, थांबा. आधी हे दाखवा की सर्वांत परिपूर्ण असं काही असणं मुळात शक्य आहे. बोलता येतं म्हणून ते शक्य असतं असं नाही. आणि मग ते शक्य आहे हे त्यानं स्वतःच दाखवायचा प्रयत्न केला.

1684 मध्ये छापलेल्या एका लेखात त्यानं यासाठी चाकाचं उदाहरण दिलं. समजा एक चाक जगातल्या सर्वांत जास्त वेगानं फिरतंय. वाक्य कळलं? कळलं. आता धावेवर एक खिळा ठोका आणि त्या चाकाचा एक आरा धावेच्या बाहेर थोडा वाढवा. आऱ्याचं टोक मोठ्या वर्तुळात फिरणार, म्हणजे खिळ्यापेक्षा जास्त वेगानं जाणार. मग सर्वांत जास्त वेग गेला कुठे? म्हणजे जे वाक्य आपल्याला सहज कळलं असं वाटत होतं, त्याच्या पोटातच भांडण लपलेलं होतं.

इथून त्याची व्याख्या येते. ज्याच्या पोटात असं भांडण नाही, ते शक्य. ज्याच्या विरुद्ध बाजूच्या पोटात असं भांडण आहे, ते अटळ. पाच आणि सात बारा होतात हे नाकारून बघा, लगेच गुंता होतो. पण ज्यूलियस सीझरनं रुबिकॉन नदी ओलांडली नाही असं म्हणून बघा. खोटं आहे, पण विसंगत नाही.

स्पिनोझा तीन महिन्यांनी, फेब्रुवारी 1677 मध्ये वारला. पुस्तक त्याच वर्षी छापून आलं. लायबनिझनं ते वाचलं, त्यावर टिपणं काढली, आणि पुढची चाळीस वर्षं त्या पुस्तकापासून स्वतःला दूर ठेवायची धडपड केली. कारण खरी पंचाईत वेगळीच होती. स्पिनोझा चुकला असं म्हणायचं, तर स्वतःचंच घर पेटत होतं.

लायबनिझचं सगळ्यात लाडकं तत्त्व होतं की कारणाशिवाय काहीही होत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण, त्या कारणाला कारण. ही साखळी देवापर्यंत जाते. देव शहाणा आणि चांगला, म्हणजे तो सगळ्यात उत्तम तेच निवडणार. आता हिशेब लावा. देव असा आहे, म्हणून हे जग असंच आहे, म्हणून तुम्ही आज सकाळी चहा घेतला तोही ठरलेलाच. मग स्पिनोझात आणि यात फरक काय राहिला? आणि चोराला चोरी केल्याबद्दल शिक्षा कुठल्या तोंडानं द्यायची? त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं ना!

1689 च्या सुमारास लिहिलेल्या एका टिपणात त्यानं कबूल केलं की सगळं अटळच असतं या मताच्या तो अगदी काठावर गेला होता. तिथून त्याला मागे कशानं ओढलं? ज्या गोष्टी नाहीत, कधी नव्हत्या आणि कधी नसतीलही, पण तरी शक्य आहेत, अशा गोष्टींनी.

त्याचं उदाहरण कादंबऱ्यांचं होतं. चांगली कादंबरी आत कुठे विसंगत नसते. तशी माणसं असू शकली असती, तसं घडू शकलं असतं. जे जे शक्य ते ते सगळं घडतंच असं मानलं, तर राजा आर्थर आणि दंतकथांमधले बाकीचे वीर अवकाशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात खरोखर हिंडत असले पाहिजेत. लायबनिझला ते हास्यास्पद वाटायचं. मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांची पानिपतची गोष्ट आठवेल, ज्यात विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते आणि इतिहासाची गाडी दुसऱ्याच रुळावर जाते. नारळीकरांनी ते दुसरं जग विज्ञानाच्या आधारानं उभं केलं. लायबनिझनं म्हटलं असतं की ते जग शक्य आहे एवढं पुरे, ते कुठे असायची गरज नाही.

याबद्दलची सगळ्यात मोठी झटापट 1686 मध्ये झाली. त्या सुमारास तो हार्झच्या डोंगरातल्या चांदीच्या खाणींतलं पाणी पवनचक्क्यांनी उपसायच्या खटपटीत अडकला होता. (प्रोजेक्ट सपशेल फेल गेला, नव्या ड्यूकनं पैसे बंद केले.) फेब्रुवारीत चार दिवस हाताला काम नव्हतं, म्हणून त्यानं तत्त्वज्ञानावर एक छोटं प्रकरण लिहिलं आणि त्यातल्या मुद्द्यांची नुसती यादी एका मध्यस्थाकरवी आंत्वान आर्नो या फ्रेंच पंडिताला पाठवली. आर्नो तेव्हा चौऱ्याहत्तरीला आलेला, देशोधडीला लागलेला, पण युक्तिवादात भल्याभल्यांना लोळवणारा.

यादीतला तेरावा मुद्दा असा होता. प्रत्येक माणसाची एक पूर्ण संकल्पना असते. सीझरची संकल्पना म्हणजे सीझरबद्दल जे जे खरं आहे ते सगळं. त्यात त्याचं नदी ओलांडणंही आलं आणि खून होणंही आलं. देव ती संकल्पना पूर्ण बघू शकतो.

आर्नोचं उत्तर तडक आलं आणि ते गोड नव्हतं. त्याचा आक्षेप साधा होता. आदमच्या संकल्पनेत त्याची मुलंबाळं, नातवंडं, पुढचा सगळा मानववंश आधीच भरलेला असेल, तर देवानं आदमला निर्माण करायचं ठरवलं तिथेच सगळं संपलं. पुढे देवालाही हात हलवायला जागा नाही. हे तर नशिबापेक्षाही वाईट झालं.

लायबनिझला ते लागलं. आर्नोनंही पुढच्या पत्रात नमतं घेतलं, आपण फार तोडून बोललो म्हणून माफी मागितली, पण मुद्दा सोडला नाही. लायबनिझ म्हणत होता की शक्य असलेले आदम अनेक आहेत, देवानं त्यातला एक निवडला. आर्नो म्हणाला, अनेक आदम हे प्रकरण मला कळत नाही. मी आजन्म ब्रह्मचारी धर्मशास्त्री आहे. लग्न करून पोरंबाळं असलेला वैद्य असा दुसरा मी असू शकतो असं म्हणायचं, तर तो मी कसा? तो मीच असेल तर एकच माणूस ब्रह्मचारी आणि संसारी दोन्ही झाला. तो मी नसेल तर त्याच्या असण्यानं माझ्याबद्दल काय सिद्ध होतं?

विषय हार्ड होता. अपघातातला माणूस पाच मिनिटं उशिरा निघाला असता तर, असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला तोच माणूस हवा असतो. त्याच्यासारखा दुसरा कुणी वाचून उपयोग काय?

लायबनिझनं लांबलचक उत्तरं लिहिली. शेवटचं पत्र त्यानं 1690 मध्ये प्रवासात असताना व्हेनिसहून टाकलं. त्याला आर्नोचं उत्तर आलं नाही.

सीझरच्या प्रश्नावर त्यानं काढलेला तोडगा मात्र डोकेबाज आहे. तो त्याला गणितात सापडला. काही संख्यांचा हिशेब संपतो: बाराचे भाग पाडत जा, दोन, दोन, तीन, झालं. पण दोनाचं वर्गमूळ काढत बसा, दशांश चिन्हापुढचे आकडे कधी संपत नाहीत. लायबनिझ म्हणाला, सत्यं पण अशीच दोन जातींची असतात. अटळ सत्याचा उलगडा करत गेलं की ठरावीक पायऱ्यांत आपण अशा जागी पोचतो की ते नाकारलं तर विसंगती होणार. सीझरच्या सत्याचा उलगडा करायला गेलात, तर त्याचं कारण, त्या कारणाचं कारण, सैन्य, सिनेट, हवा, पाणी, सगळं विश्व त्यात येतं आणि उलगडा कधीच संपत नाही. देवालाही त्याचा शेवट दिसत नाही, कारण शेवट नाहीच. त्याला सगळं एकदम दिसतं एवढंच. म्हणून सीझरचं जाणं ठरलेलं होतं, पण अटळ नव्हतं. कारणं त्याला एका बाजूला कलती करत होती, बांधून ठेवत नव्हती.

पटतंय का? पुरतं पटत नाही, आणि तेव्हापासून आजवर अनेकांना ते पटलेलं नाही. पुरावा किती लांब आहे यावरून गोष्ट टाळता आली असती की नाही हे कसं ठरणार? पण 'ठरलेलं' आणि 'अटळ' हे दोन शब्द एक नाहीत, हे त्यानं कायमचं दाखवून दिलं. आपण मराठीत ते रोज एकमेकांच्या जागी वापरतो.

हॅनोव्हरमधली नोकरी एकीकडे चालूच होती. ड्यूकच्या घराण्याचा इतिहास लिहायचं काम त्यानं 1685 मध्ये अंगावर घेतलं आणि मरेपर्यंत ते संपलं नाही. दप्तरं चाळायला तो तीन वर्षं दक्षिण जर्मनी, व्हिएन्ना आणि इटली हिंडून आला. इतिहास सुरू केला आठव्या शतकापासून आणि पोचला सन 1005 पर्यंत. ज्या मालकांनी पैसे दिले होते, त्यांच्या हयातीतलं एकही वर्ष त्यात आलं नाही.

दरबारात त्याचं खरं ऐकणारी दोन माणसं होती, दोघीही बायका. ड्यूकची बायको सोफी आणि तिची मुलगी सोफी शार्लोट, जी पुढे प्रशियाची राणी झाली. सोफीच्या हेरेनहाउझेनच्या बागेत एकदा गप्पा चालल्या होत्या. लायबनिझ म्हणाला, जगात तंतोतंत सारख्या दोन गोष्टी नसतात. एका सरदाराला ते खरं वाटेना, तो दोन सारखी पानं शोधायला बागभर हिंडला. सापडली नाहीत. गोष्ट गमतीची आहे, पण लायबनिझनं यातही शक्यतेचा हिशेब चोख ठेवला होता. तंतोतंत सारखी दोन पानं ही कल्पना विसंगत नाही, असं तो म्हणायचा. पण मग हे पान इथे आणि ते तिथे का, याला काहीच कारण उरणार नाही, आणि शहाणा देव विनाकारण काही करत नाही.

सोफी शार्लोटशी त्याची चर्चा दुःखावर चालायची. देव चांगला आहे तर जगात इतकं वाईट का? 1705 मध्ये ती छत्तिसाव्या वर्षी वारली. लायबनिझ खचला. त्या चर्चांमधून वाढलेलं पुस्तक 1710 मध्ये ॲमस्टरडॅमला छापून आलं. त्याचं नाव 'थिओडिसी', आणि जिवंतपणी छापलेला त्याचा तत्त्वज्ञानावरचा एवढा मोठा ग्रंथ हा एकच.

त्याच्या शेवटी एक गोष्ट येते आणि लहानपणीचा तो लिव्हीतला सेक्स्टस इथे पुन्हा भेटतो. रोमच्या राजाचा हा मुलगा. त्यानं लुक्रेशिया नावाच्या एका कुलीन स्त्रीवर बलात्कार केला, तिनं जीव दिला, लोक खवळले आणि रोममधली राजेशाही उलथली. लायबनिझच्या गोष्टीत सेक्स्टस आधी जुपिटरकडे जातो. जुपिटर सांगतो, रोमला जाऊ नकोस. सेक्स्टसला गादी सोडवत नाही, तो जातो. हे बघून थिओडोरस नावाचा पुजारी अस्वस्थ होतो. देवानं याला चांगली बुद्धी का नाही दिली?

मग थिओडोरसला स्वप्न पडतं. देवी त्याला एका अवाढव्य महालात नेते. आत खोल्याच खोल्या, आणि एकेक खोली म्हणजे एकेक जग. एका खोलीत सेक्स्टस जुपिटरचं ऐकतो, दुसऱ्या गावी जातो, लहानशी बाग विकत घेतो, खणताना त्याला धन सापडतं, तो सुखात म्हातारा होतो. दुसऱ्या खोलीत तो एका राजकन्येशी लग्न करतो. प्रत्येक खोलीत त्या जगाचं चरित्र लिहिलेलं एक पुस्तक असतं. सेक्स्टसच्या कपाळावर एक आकडा असतो. पुस्तकात तो आकडा काढायचा आणि पुढचं वाचायचं.

महालाचा आकार पिरॅमिडसारखा. वरती टोक आहे, खाली तळ नाही. कारण वाईट जगांना अंत नाही, पण सगळ्यात चांगलं जग एकच. ते टोकाचं जग आपलं. त्यातला सेक्स्टस रोमला जातो आणि ते पाप करतो. त्यातून रोमचं प्रजासत्ताक उभं राहतं, पुढे साम्राज्य, मोठमोठी माणसं. थिओडोरसचं समाधान होतं.

लुक्रेशियाचं काय, हे गोष्टीत कुणी विचारत नाही. ही त्या गोष्टीतली सगळ्यात दुखरी जागा आहे.

1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनमध्ये भूकंप झाला, हजारो लोक मेले. 1759 मध्ये व्होल्तेरनं 'कांदीद' लिहून लायबनिझला असं ट्रोल केलं की ते ट्रोलिंग आजही चालू आहे. त्यातला पांग्लोस नावाचा गुरुजी अंगावर संकटं कोसळत असताना सगळं कसं छान आहे हे सिद्ध करत बसतो. लायबनिझ सगळं छान आहे असं म्हणत नव्हता. तो म्हणत होता की एकत्र नांदू शकतील अशा गोष्टींचा याहून चांगला संच बनत नाही. तुम्ही वर्गात एकटे पहिले येणं शक्य आहे, तुमचा मित्र एकटा पहिला येणंही शक्य आहे. दोन्ही एकाच वर्गात शक्य नाही. सुटी सुटी शक्य असलेली सगळी सुखं एका जगात बसत नाहीत. तरीही लिस्बनच्या ढिगाऱ्याखाली मूल गेलेल्या माणसापुढे हे वाचून दाखवायची हिंमत कुणाला होईल असं वाटत नाही.

त्याचे स्वतःचे शेवटचे दिवस चांगल्या जगातले नव्हते. कॅल्क्युलस त्यानं न्यूटनकडून चोरलं असा आरोप झाला. रॉयल सोसायटीनं चौकशी नेमली, अहवालामागे अध्यक्ष न्यूटन स्वतःच. निकाल काय लागणार हे वेगळं सांगायला नको. इंग्लंडच्या गादीची वारस म्हणून सोफीचं नाव कायद्यानं पक्कं झालं होतं. पण जून 1714 मध्ये ती गेली आणि ॲन राणी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला. जेमतेम काही आठवड्यांच्या फरकानं लायबनिझची मैत्रीण ब्रिटनची राणी व्हायची राहिली. तिचा मुलगा पहिला जॉर्ज म्हणून लंडनला गेला. म्हाताऱ्या लायबनिझलाही जायचं होतं. राजाचा हुकूम आला, आधी तो इतिहास संपव.

14 नोव्हेंबर 1716 ला तो हॅनोव्हरमध्ये वारला. लग्न केलं नव्हतं. पन्नाशीला एकीला मागणी घातली होती, तिनं विचार करायला वेळ मागितला आणि तेवढ्या वेळात यानंही विचार बदलला, अशी एक गोष्ट सांगतात. अंत्ययात्रेला दरबारातलं कुणी फिरकलं नाही.

त्याच्या कागदांत सरकारी गुपितं असतील या भीतीनं ते सगळे सील करून ठेवले गेले. त्या भीतीचे उपकार मानायला हवेत, कारण म्हणूनच ते टिकले. सुमारे दोन लाख पानं. 1686 चं ते चार दिवसांतलं प्रकरण एकोणिसाव्या शतकात छापलं गेलं. शक्य, अटळ, न संपणारा उलगडा यावरची कितीतरी टिपणं लुई कूतुरा या फ्रेंच अभ्यासकानं 1903 मध्ये बाहेर काढली. सगळं लिखाण छापायचं काम 1923 मध्ये सुरू झालं, ते अजून चालू आहे.

पुढची गंमत अमेरिकेत झाली. 1947 मध्ये रुडॉल्फ कारनॅपनं लायबनिझचं नाव घेऊन शक्य जगांची कल्पना तर्कशास्त्रात आणली. 1959 मध्ये सॉल क्रिपके या ओमाहाच्या पोरानं वयाच्या अठराव्या वर्षी एका मोठ्या जर्नलमध्ये पेपर छापला. हिंटिक्का, कांगर असे इतरही लोक तेव्हा याच वाटेवर होते, पण पुढच्या काही वर्षांत क्रिपकेनं विषय साफ केला. अटळ म्हणजे सगळ्या जगांत खरं. शक्य म्हणजे निदान एका जगात खरं. आणि कुठली जगं मोजायची, हे तुम्ही कुठे उभे आहात आणि काय विचारताय त्यावर ठरतं.

हा शेवटचा तुकडा भाषेला फार कामाचा निघाला. इथे गाडी लावू शकतो का? जागा आहे का असं विचारलं असेल तर हो, नियमानं विचारलं असेल तर नाही. 'शकतो' हा शब्द एकच, मोजायच्या जगांचा गठ्ठा वेगळा. तो घरी असेल, यातलं 'असेल' तिसराच गठ्ठा धरतं: मला जेवढं माहीत आहे त्याच्याशी जुळणारी जगं. अँजेलिका क्रात्झरनं 1977 पासून हे सविस्तर मांडलं. संकेतार्थाचा पंचनामाही असाच करतात. आपल्या जगासारख्याच, फक्त माणूस पाच मिनिटं उशिरा निघाला एवढाच फरक असलेल्या जगांत काय होतं ते बघायचं. डेव्हिड लुइसनं 1973 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं.

लायबनिझनं स्वतः 'सगळ्या जगांत खरं ते अटळ' ही व्याख्या पुढे केली नव्हती. त्याची मुख्य व्याख्या विसंगतीची होती आणि जगं त्याच्यासाठी देवाच्या मनातल्या कल्पना होत्या. लुइस मात्र म्हणाला की सगळी जगं आपल्या जगाइतकीच खरी आहेत. लायबनिझला हसू आणणारा तो हिंडता राजा आर्थर लुइसनं बिनधास्त मान्य करून टाकला. फक्त तो दुसऱ्या जगातला तुम्ही, तुम्ही नसता. तुमच्यासारखा कुणीतरी असतो.

आर्नोचा प्रश्न असा तीनशे वर्षांनी जसाच्या तसा परत आला. 1970 मध्ये प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत क्रिपकेनं ह्युबर्ट हम्फ्रेचं उदाहरण घेतलं. हा माणूस 1968 ची अमेरिकेची निवडणूक निक्सनकडून थोडक्यात हरला होता. आपण जिंकलो असतो तर, असा विचार करत हम्फ्रे रात्री जागा असेल, तर दुसऱ्या जगात त्याच्यासारखा दिसणारा कुणी जिंकला याचं त्याला काय कौतुक? क्रिपकेचं म्हणणं होतं की दुसरी जगं दुर्बिणीतून शोधायची नसतातच. हाच हम्फ्रे जिंकला असता असं आपण ठरवायचं आणि तिथून बोलायला सुरुवात करायची. लुइसनं त्यालाही उत्तर दिलं. दोघांचे विद्यार्थी आणि त्यांचे विद्यार्थी यावर अजून भांडतायत.